नव्या मत्स्यकुंडाचें पाणी कसें मुरवावें

खेडेगांवांतील घरांच्या बैठकींत कांचेचें मत्स्यकुंड ठेवण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. शेतकऱ्यांच्या मासिकानें या हौशीस जागा कां द्यावी, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, नव्या कुंडांतील मासे ज्या कारणानें मरतात तें कारण आणि त्यावरील उपाय हीं दोन्ही शेतांतल्या मातींतच सांपडतात. आणि तें कारण शोधीत असतां आम्हांस आमच्या पिण्याच्या विहिरीविषयीं जें कळलें, तें कुंडाहून पुष्कळ अधिक महत्त्वाचें ठरलें.

आमचें घर कौंडण्यपुरास, वर्धेच्या कांठीं आहे. गेल्या वर्षीं गुढीपाडव्यास नातीच्या हट्टाखातर दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असें कुंड घरीं आणलें. त्यांत सुमारें पन्नास लिटर पाणी मावतें. तळाशीं नदीची वाळू धुऊन पसरली, विहिरीचें पाणी भरलें, हवेचा लहान पंप व स्पंजाची गाळणी बसविली, आणि त्याच सायंकाळीं बारा मासे सोडले. पाणी आरशासारखें स्वच्छ दिसत होतें. तिसऱ्या दिवशीं तें दुधाळ झालें. पांचव्या दिवशीं मासे वर येऊन तोंड उघडझांप करूं लागले. पाणी घाण झालें असें समजून आम्हीं सर्व कुंड रिकामें केलें, वाळू व स्पंज साबणाच्या ऊन पाण्यानें खळखळून धुतले आणि विहिरीचें ताजें पाणी पुन्हां भरलें. नवव्या दिवशीं बारांपैकीं एकहि मासा उरला नाहीं. नंतर आणखी आठ आणले. दुकानदारानें रोग असेल म्हणून एक निळें औषधहि दिलें. त्या आठांची गत तीच झाली. नात दोन दिवस नीट जेवली नाहीं, आणि आम्ही वडील माणसें मात्र दुकानदारास, पाण्यास व माशांच्या जातीस आळीपाळीनें बोल लावीत बसलों.

दोष यांपैकीं कोणाचाच नव्हता. आम्हीं स्वच्छ पाण्यास चांगलें पाणी समजलों, हीच चूक. विरजण न घालतां दुधाचें दहीं व्हावें अशी अपेक्षा करण्यासारखा तो प्रकार होता.

मासा जें खातो त्यांतील प्रथिनांचा नत्र तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर पडते ती निराळीच. शेंकडा पस्तीस प्रथिनें असलेलें एक ग्रॅम खाद्य माशांनीं खाल्लें, तर त्यापासून सुमारें तीस मिलिग्रॅम अमोनिया निघतो; म्हणजे पन्नास लिटरच्या कुंडांत एका दिवसांत लिटरमागें अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक. आमच्या घरीं तर जो तो येतां-जातां चिमूटभर खाद्य टाकीत होता. नदींत हा अमोनिया वाहून जातो, विरून जातो आणि तेथें त्याला खाणारेहि असतात. कुंडांत तो सांचतच राहतो.

त्याला खाणारे म्हणजे सूक्ष्म जंतु. त्यांचा एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट बनवितो आणि दुसरा वर्ग त्या नायट्राइटचें नायट्रेट बनवितो. पहिले दोन पदार्थ माशांस विषारी. तिसरा त्या मानानें पुष्कळच सौम्य. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. वाळूच्या कणांस, स्पंजाच्या छिद्रांस व कांचेस चिकटून राहतात. त्यांची वाढ अत्यंत मंद असते. कुजविणारे सामान्य जंतु अनुकूल स्थितींत अर्ध्या तासांत दुप्पट होतात, तर यांना दुप्पट व्हावयास पुष्कळदां एक दिवस लागतो. तिसऱ्या दिवशींचा दुधाळपणा हा त्या घाईच्या जंतूंचा. तो आपोआप निवळतो, त्याला भिऊन कुंड धुणें म्हणजे नुकतें मूळ धरूं लागलेलें विरजण फेंकून देणें होय. आम्हीं साबणानें हेंच केलें. आणि दुकानदाराच्या निळ्या औषधानें जंतु मरतात हें खरें. पण त्यांत हे उपयोगी जंतुहि आले.

शेतकऱ्यास ही क्रिया नवी नाहीं. शेणखतांतील अथवा अमोनियम सल्फेटमधील नत्र पिकास घेतां यावा म्हणून मातींत हेंच घडतें. याचा शोध लागला तो प्रसंग मोठा बोधप्रद आहे. १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व खडू भरलेल्या उभ्या नळींतून गटाराचें पाणी सावकाश झिरपूं दिलें. वीस दिवसपर्यंत अमोनिया जसाच्या तसा खालीं येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसूं लागलें आणि अमोनिया नाहींसा झाला. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच क्रिया थांबली. मातीचें पाणी वरून घालतांच कांहीं दिवसांनीं पुन्हां सुरू झाली. म्हणजे हें काम रासायनिक नसून सजीवांचें आहे, हें सिद्ध झालें. नव्या कुंडाची सगळी कथा या एका नळींत आली आहे: वीस दिवसांची वाट, औषधानें होणारा घात आणि मातीचें विरजण.

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं मासे, पाणवनस्पति व गोगलगायी एकत्र ठेवून कुंडाचा समतोल कसा राखतां येतो, तें प्रसिद्ध केलें. आजच्या घरगुती मत्स्यकुंडाच्या जनकांत त्याची गणना होते. त्याचा मुलगा, त्याचेंहि नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच, रोथॅमस्टेडच्या प्रसिद्ध शेतकी प्रयोगक्षेत्रांत काम करीत होता. त्यानें अमोनियापासून नायट्रेट होण्याची क्रिया दोन टप्प्यांनीं, दोन निराळ्या प्रकारच्या जंतूंकडून होते असें दाखविलें. बाप कुंडाचा, मुलगा मातीचा. आणि विषय एकच. हे जंतु शुद्ध स्वरूपांत वेगळे काढण्याचें यश मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास मिळालें. पुढें १९९८ सालीं असें आढळलें कीं, कुंडांत दुसऱ्या टप्प्याचें काम पूर्वीं समजत असत त्या नायट्रोबॅक्टरकडून न होतां नायट्रोस्पायरा नांवाच्या जंतूंकडून होतें. आणि २०१५ सालीं दोन्ही टप्पे एकट्यानें पार पाडणारे जंतुहि सांपडले.

आतां आपल्या वऱ्हाडच्या पाण्याकडे वळूं. आपली जमीन काळ्या पाषाणाची व चुनखडीची. त्यामुळें विहिरींचें पाणी बहुधा जड असतें आणि त्याचा सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. जंतूंना हें मानवतें, कारण अमोनियाचें नायट्रेट होतांना आम्ल निर्माण होतें व तें शमविण्यास चुन्याचा अंश लागतो. परंतु याच गुणांत माशांचा धोका आहे. पाण्यांतील अमोनियाचा कांहीं भागच मोकळ्या, विषारी स्वरूपांत असतो आणि हा भाग सामूवर अवलंबून राहतो. पाणी पंचवीस अंश उष्ण असतां सामू ७ असेल, तर तो शेंकडा अर्धा. सामू ८ असेल, तर शेंकडा पांचांहून थोडा अधिक. साडेआठ असेल, तर शेंकडा पंधरा. पाणी जितकें तापेल तितका हा भाग वाढतो. म्हणून कोंकणांतल्या मऊ पाण्यांत ज्या अमोनियानें मासा नुसता सुस्त होईल, त्याच अमोनियानें आमच्याकडे तो मरतो. त्यांतून आपला उन्हाळा! वीस अंशांच्या पाण्यांत लिटरमागें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो. पस्तीस अंशांच्या पाण्यांत जेमतेम सात. मासे आणि जंतु या दोघांनाहि तोच पुरवावयाचा असतो. कुंड पत्र्याच्या छपराखालीं किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवणें आमच्या हवेंत वेडेपणाचें होय.

पूर्णेच्या खोऱ्यांतील, म्हणजे अकोला, दर्यापूर या बाजूंच्या खारपाणपट्ट्यांतील वाचकांनीं विहिरीचें खारें पाणी कुंडांत घालूंच नये. त्यांनीं पावसाचें सांठविलेलें पाणी वापरावें. मात्र त्यांत चुन्याचा अंश नसल्यानें चुनखडीचे दोनचार धुतलेले खडे तळाशीं ठेवावे.

दुसऱ्या खेपेस आम्हीं पाणी तपासण्याचें साहित्य आणलें. परीक्षानळींत पाणी घेऊन त्यांत थेंब टाकावयाचे आणि आलेला रंग छापील पट्टीशीं जुळवावयाचा, इतकेंच त्यांत असतें. नातीस तो खेळच वाटला. तिनें कुंड भरण्यापूर्वींच विहिरीचें कोरें पाणी तपासून पाहिलें. अमोनिया नाहीं, नायट्राइट नाहीं. पण नायट्रेटच्या नळींत रंग ८० च्या खुणेपर्यंत चढला. ज्या पाण्यांत एकहि मासा पोहला नव्हता, त्यांत इतकें नायट्रेट कोठून आलें? पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. आम्हीं तो नमुना प्रयोगशाळेंत पाठवून खात्री करून घेतली. नळीनें सांगितलें तें खरें निघालें.

त्या वेळीं घरांत चार महिन्यांचें मूल होतें आणि आईचें दूध पुरत नसल्यामुळें त्यास भुकटीचें दूध त्याच विहिरीच्या पाण्यांत कालवून मिळत होतें. नायट्राइट माशाच्या रक्तांत शिरून तें तपकिरी करतें व प्राणवायु वाहण्याची त्याची शक्ति घालवितें. तान्ह्या मुलाच्या पोटांत नायट्रेटचें नायट्राइट होऊन हाच प्रकार घडूं शकतो. मूल निळसर पडतें. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत विहिरीच्या पाण्यानें असें झाल्याचें एका डॉक्टरानें १९४५ सालींच नमूद करून ठेवलें आहे. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. आणि आम्ही तर बाळासाठीं म्हणून मुद्दाम तें अधिक वेळ उकळीत होतों! त्याच दिवसापासून बाळाचें पाणी बदललें. त्यास कांहीं अपाय झाला नव्हता, हें आमचें दैव.

हें आमच्याच विहिरीपुरतें नाहीं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालांत वर्धा, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे नायट्रेट अधिक असलेल्यांत नमूद आहेत. कपाशीस वरखत म्हणून दिलेला युरिया, गोठ्याचा उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा या सर्वांचा नत्र मातींतील त्याच जंतूंच्या हातून नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खालीं उतरतो. आमचा उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर होता. तो आतां हलविला आहे.

कुंडाची दुसरी भरणी ज्येष्ठांत केली. आषाढीसाठीं रुक्मिणीमातेची पालखी येथून पंढरपुरास निघते, त्याच आठवड्यांत. विहिरीचें पाणी सोडून पंचायतीच्या नळाचें घेतलें. त्यांत ब्लीचिंग पावडरीचा क्लोरीन असतो. तो मासे व जंतु दोघांसहि घातक. उघड्या बादल्यांत पाणी एक अहोरात्र ठेवून मधून मधून ढवळल्यास तो उडून जातो. घाई असल्यास छायाचित्रकार वापरतात तो हायपो क्लोरीनच्या सातपट वजनानें घालावा. लिटरमागें अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या वीस लिटरच्या बादलीस सत्तर मिलिग्रॅम, म्हणजे साबुदाण्यासारखे दोनतीन खडे पुरतात. बादलीविषयीं मात्र कडक राहावें. कपाशीवरील फवाऱ्याचें औषध जींत एकदां कालविलें, ती बादली कितीहि घांसली तरी कुंडाच्या कामीं घेऊं नये, आणि फवारणी करून आलेला हात पाण्यांत घालूं नये. कित्येक कीटकनाशकें माशांस इतकीं विषारी आहेत कीं, त्यांचा नुसता लेशहि पुरतो. घरांत डासांसाठीं मारावयाच्या फवाऱ्याचेंहि तसेंच.

या वेळीं मासे सोडले नाहींत. माशांवांचून जंतूंस खाद्य द्यावयाचें तर अमोनिया बाहेरून घातला पाहिजे. शेतकऱ्याचा हात प्रथम युरियाच्या पोत्याकडे जाईल; तो आवरावा. २०१५ पासून आपल्याकडील युरियास निंबोळीचें तेल चोळलेलें असतें, आणि तें चोळण्याचा हेतूच मुळीं हा कीं, अमोनियाचें नायट्रेट होण्याची क्रिया मंद व्हावी. शेतांत जो गुण, तो कुंडांत दोष. डायअमोनियम फॉस्फेटमधील स्फुरदानें शेवाळ माजतें. साधें अमोनियम सल्फेट सर्वांत उत्तम. त्यांत शेंकडा साडेवीस नत्र असतो. पन्नास लिटर पाण्यास अर्धा ग्रॅम घातल्यास लिटरमागें सुमारें दोन मिलिग्रॅम नत्र होतो. तेवढें बस्स. अधिक घातल्यानें काम लवकर होत नाहीं, उलट अडतें. विरजण म्हणून परसांतील केळीच्या आळ्यांतली, कधीं फवारा न पडलेली मूठभर माती मलमलीच्या पुरचुंडींत बांधून गाळणीजवळ टांगली.

पहिले सहा दिवस कांहींच घडलें नाहीं. नात रोज सकाळीं नळी धरून बसे आणि निराश होई. सातव्या दिवशीं नायट्राइटच्या नळींत फिकट गुलाबी छटा आली. दहाव्या दिवशीं अमोनिया निम्म्यावर उतरला, तेव्हां अमोनियम सल्फेट पुन्हां अर्धा ग्रॅम घातलें. अठराव्या दिवशीं नायट्राइटचा रंग गर्द जांभळा झाला, आणि पुढें दहा-बारा दिवस तो हालेना. हा मधला काळ फार फसवा असतो. अमोनिया शून्यावर आलेला पाहून लोक मासे सोडतात आणि ते नायट्राइटनें मरतात. आम्हांसहि तो मोह झाला, कारण पाणी दिसावयास सुरेख झालें होतें. एकतिसाव्या दिवशीं जांभळा रंग एकाएकीं फिकटला, आणि पालखी पंढरपुरीं पोहोंचल्याची वार्ता आली, त्याच्या दुसऱ्या दिवशीं नळी स्वच्छ राहिली. मग अर्धा ग्रॅम घालून चोवीस तासांनीं पुन्हां तपासलें. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पाणी मुरलें, याची ही एकच खूण. निम्म्याहून अधिक पाणी बदलून सांचलेलें नायट्रेट काढलें आणि आरोग्य केंद्रांतून डासांच्या अळ्यांसाठीं मिळणाऱ्या गप्पी माशांपैकीं चारच सोडले.

हिवाळ्यांत आरंभ केल्यास याहून अधिक दिवस धरावे. ज्यांनीं आधींच मासे सोडले आहेत, त्यांनीं घाबरून कुंड धुऊं नये. खाद्य दोन दिवस बंद ठेवावें. नंतर एकाआड एक दिवस, दोन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. रोज चौथा हिस्सा पाणी काढून तितकेंच, तितक्याच उष्णतेचें, क्लोरीन उडालेलें पाणी घालावें. नायट्राइट दिसूं लागतांच दहा लिटरला एक ग्रॅम या मानानें साधें मीठ विरघळवून घालावें. मिठांतील क्लोराइडमुळें कल्ल्यांतून नायट्राइट आंत शिरण्यास अडथळा होतो. नदीनाल्यांत मिळणाऱ्या हायड्रिला व वॅलिसनेरिया या वनस्पति धुऊन लावल्यास त्याहि अमोनिया ओढून घेतात.

कुंड मुरल्यावर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणें पुरे. स्पंज घाण झाला तर तो काढलेल्या जुन्या पाण्यांतच पिळावा, नळाखालीं कधींहि धरूं नये. वीज गेल्यास जंतु प्राणवायूवांचून गुदमरतात. तीनचार तासांहून अधिक वेळ वीज येत नसेल, तर तांब्यानें पाणी वर उचलून पुन्हां ओतीत राहावें आणि त्या दिवशीं खाद्य देऊं नये. नव्या माशांची भर महिन्यास दोनतीनच घालावी, कारण जंतूंची संख्या मिळणाऱ्या खाद्याच्या मानानेंच वाढते. काढलेलें पाणी आमच्याकडे वांग्यांच्या वाफ्यास जातें. त्यांतील नायट्रेट त्यांना सोसतें, विहिरीस तें सोसत नाहीं.

दिवाळींत शेजाऱ्यांच्या घरीं कुंड आलें, तेव्हां नातीनें आमच्या गाळणीचा अर्धा स्पंज कापून त्यांना दिला, आणि तो वाटेंत वाळूं नये म्हणून कुंडाच्याच पाण्यांत बुडवून नेला. त्यांचें पाणी अकराव्या दिवशीं मुरलें.